उतरत गेलेलं कोपर

अमेरिकन फुटबॉल सोलापुरात खेळतात असं सांगितलं की लोक अजूनही हसतात. मलाही आधी हसूच आलं होतं. मी एका कॉलेजात खेळाचा मास्तर. उमेदीची वर्षं गेली ती कबड्डी आणि व्हॉलीबॉल शिकवण्यात. एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, हा नवा खेळ यंदा स्पर्धांच्या यादीत आलाय, दहा दिवसांचं शिबिर आहे, जाऊन या. गेलो. परत येताना पिशवीत चार चेंडू होते, न सोललेल्या नारळासारखे दोन्ही टोकांना निमुळते, आणि डोक्यात अर्धेमुर्धे नियम.

मुलांना क्रिकेट सोडवेना, म्हणून मुलींचा संघ केला. कबड्डीतल्या काही आल्या, धावण्याच्या शर्यतीतल्या काही, बाकीच्या नुसत्या बघायला आल्या आणि थांबल्या. आम्ही खेळायचो तो त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. अंगावर आदळायचं नाही, कमरेला बांधलेली फीत ओढली की समोरची बाद. तरी पुढे दोन्हीकडच्या मुली समोरासमोर उभ्या राहायच्याच, आणि त्यांच्या मागे चार पावलांवर क्वार्टरबॅक. चेंडू तिच्या हातात येतो आणि तो कुणाला द्यायचा ते तीच ठरवते. सगळा खेळ तिच्या हातावर.

ही जागा कुणाला द्यायची ते पहिल्याच दिवशी ठरलं. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाची एक बारकीशी मुलगी, उंची जेमतेम सव्वापाच फूट, चेंडू हातात घेऊन उलटसुलट करून बघत होती. मी म्हटलं, फेक बघू. तिने फेकला. चेंडू हवेत स्वतःभोवती गरगरत सरळ गेला आणि पलीकडच्या मुलीच्या छातीवर आदळला. शिबिरात आम्हा सगळ्या मास्तरांना दहा दिवसांत जे जमलं नव्हतं, ते तिला एका फेकीत जमलं.

"कुठं शिकलीस?"

"कुटं न्हाय सर. चिंचा पाडायचो दगडानं."

तिचं घर शहराच्या पूर्वेला, यंत्रमागांच्या वस्तीत. घरात तेलुगू बोलायचे. वडील मागावर कामाला होते, ती शाळेत असतानाच वारले. आई विड्या वळायची आणि हीसुद्धा लहानपणापासून शाळा-कॉलेजच्या आधी आणि नंतर आईशेजारी बसून विड्या वळायची. त्यामुळे बोटं विलक्षण चपळ होती. चेंडूच्या शिवणीवर ती बोटं अशी बसायची की मला काही सांगावंच लागत नसे.

तिला पोलिसात जायचं होतं. भरतीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात आणि त्यासाठी राज्य पातळीवर खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. तिने हे मला पहिल्या आठवड्यातच विचारून घेतलं होतं. कबड्डीत तिला कुणी घेतलं नसतं, तेवढं वजन नव्हतं. हा खेळ नवा होता, खेळणाऱ्या कमी होत्या. तिने बरोबर ओळखलं होतं.

पावसाळाभर आम्ही खेळलो. ऑक्टोबरात अकलूजला विभागाच्या निवडीचे सामने झाले. तिथे पहिल्यांदा घोळ कळला. आमचे लांबचे पास जात होते आणि जवळचे पास अडत होते. पलीकडच्या संघात एक व्हॉलीबॉल खेळून आलेली उंच मुलगी होती. ती हिला पकडायला धावतच नव्हती. जागेवर उभी राहायची, हिच्याकडे बघत राहायची, आणि हिचा हात हलला की दोन्ही हात वर. टप् करून चेंडू खाली. एका डावात पाच वेळा असं झालं. आम्ही हरलो, तरी फारसं बिघडलं नव्हतं. आमच्या चार मुली राज्याच्या संभाव्य संघात घेतल्या गेल्या आणि त्यात ही होती. फेब्रुवारीत पुन्हा निवड होणार होती.

येताना एसटीत ती माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. तिने वळून विचारलं, "सर, लांबचा जातोय आणि जवळचाच का अडतोय?"

मी तिला समजावलं. लांबचा पास कमानीसारखा वर चढतो, समोरच्यांच्या डोक्यावरून निघून जातो. जवळचा पास झटकन आणि सपाट द्यावा लागतो, त्यामुळे तो समोर उभ्या असलेल्यांच्या दोन डोक्यांमधल्या फटीतूनच जातो. समोरची थांबली आणि तिने हात वर केले, की संपलं. त्यातून तू बुटकी.

"मग उंची कुटनं आणू सर?"

"उंचीचं बघू. दुसरीही कारणं असतील. शोधू आपण."

आणि मी शोधायला लागलो. मला त्या शोधाची गोडीच लागली होती, हे कबूल करायला हवं. इतकी वर्षं तेच तेच खेळ शिकवून झाल्यावर एक नवा प्रश्न मिळाला होता. पावसाळ्यात अधूनमधून करायचो ते सरावाचं मोबाईलवरचं चित्रीकरण आता रोज करायला लागलो. परदेशातल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघायचो, वहीत लिहून काढायचो. पहिलं कारण सापडलं ते डोळ्यांचं. जिला द्यायचाय तिच्याकडेच ती आधीपासून बघत असे, म्हणजे समोरचीला पत्ता आधीच कळे. तिला एकीकडे बघून दुसरीकडे फेकायला शिकवलं. आठ दिवसांत शिकली. दुसरं कारण पायांचं. चेंडू हातात आल्यावर ती जागेवरच उभी राहायची. एक पाऊल बाजूला सरकून फट शोधायला शिकवलं. तेही शिकली. थोडा फरक पडला. डिसेंबरात पुन्हा पास अडायला लागले, आणि आता तर आमच्याच मुली अडवत होत्या, ज्यांची उंची हिच्याएवढीच होती.

तेव्हा मला कोपर दिसलं. चेंडू सोडताना कोपर खांद्याच्या वर पाहिजे, म्हणजे चेंडू कानाच्या वरून निघतो. हिचं कोपर खांद्याच्या खाली राहत होतं आणि चेंडू गालाजवळून निघत होता. आधीच बुटकी, त्यात वीतभर आणखी खाली. मला इतका आनंद झाला, जसं काही हरवलेलं सापडावं. तिला बोलावून मोबाईलवर दाखवलं.

"हे बघ. कोपर खाली येतंय तुझं. एवढंच आहे."

ती बघत राहिली. म्हणाली, "व्हय सर. येतंय खाली."

"दुखतंय का काही?"

हे मी विचारलं होतं. पण विचारताना मोबाईल मागेपुढे करत होतो, तिच्याकडे बघत नव्हतो.

"न्हाय सर. सवय लागली असंल."

सवय मोडायची म्हणून मी नवा सराव काढला. तिच्या पुढे दोन मुली उभ्या केल्या आणि त्यांच्या हातात अंगण झाडायचे खराटे उभे धरायला दिले. खराट्यांच्या वरून चेंडू गेला पाहिजे, रोज शंभर वेळा. पहिले वीस जायचे. मग खराट्याला लागायचे. मग ती सगळं अंग डावीकडे झुकवून, वाकडी होऊन फेकायची, आणि मी ओरडायचो, "अंग वाकवू नको, हात वर कर, हात!" बाकीच्या मुली सावलीत जाऊन बसायच्या. ती तिथेच. सोलापुरात जानेवारीतही दहा वाजता ऊन लागतं. तिचा चेहरा पांढरा पडायचा आणि मला वाटायचं, खात नाही नीट ही. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्यात जीवच राहिला नाही. प्रमाणपत्र पाहिजे ना? असं नाही मिळत."

तिने चेंडू उचलला आणि पुन्हा फेकला.

जानेवारीच्या शेवटी ती केस बांधायला मैत्रिणीला सांगते, हे मी पाहिलं. उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मग मात्र विचारलं तेव्हा म्हणाली, थोडा आखडलाय. मी तिला आमच्या कबड्डीपटूंचे निखळलेले सांधे बसवणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेलो. माझा जुना विश्वासातला माणूस. त्याने तेल लावून खांदा चोळला, मग हात धरून वर खेचला. मी तिला म्हटलं, ओरडलीस तरी चालेल. ती ओरडली नाही. डोळे फिरले आणि बाकावरून खाली घसरली. तोंडावर पाणी मारलं. तो माणूस म्हणाला, शीर मोकळी झाली, आता चार दिवसांत बघा. मीही तेच म्हणालो.

फेब्रुवारीतल्या निवडीत तिने दोन पास दिले. दोन्ही अडले. तिसऱ्या वेळी चेंडू हातात आला, तिने तो फेकलाच नाही. उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून ती गुडघ्यांवर बसली. पलीकडची उंच मुलगी, तीच, अकलूजला भेटलेली, हात खाली घेऊन तिच्यापाशी आली, तिच्या खांद्याला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"सर, लई गरम लागतंय," ती मला म्हणाली. "सुजलंय बी."

दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. आई सोबत आली. तोवर मी आईला एकदाच भेटलो होतो. बारीक अंगाची बाई, पदर सतत तोंडावर. तपासताना मुलीचा कुर्ता खांद्यावरून सरकवला तेव्हा मी प्रथमच तिचा खांदा उघडा पाहिला. गोलाई उरलीच नव्हती. हाडावर कातडी ताणून बसवल्यासारखी, आणि काखेकडे सूज.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

आई तेलुगूत काही म्हणाली. मी म्हणालो, "महिनाभर असेल. माझ्याकडे सरावाचे व्हिडिओ आहेत."

आधी सगळ्या तपासण्या झाल्या, सुई घालून खांद्यातलं पाणी काढलं, मग आठवडाभराने आम्ही पुन्हा बसलो. खांद्याच्या सांध्याचा क्षय. सांध्यातलं हाडाचं डोकं एका बाजूने खाल्लं गेलं होतं. टीबी म्हणजे छातीचाच, एवढंच मला ठाऊक होतं.

"तुमचे व्हिडिओ दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी दाखवले. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर. सलग बघितल्यावर काही सांगायची गरज नव्हती. जुलैत कोपर खांद्याच्या चांगलं वर. सप्टेंबरात जेमतेम वर. अकलूजला जाण्याच्या आधीच ते खांद्याला आलं होतं. डॉक्टरबाईंनी एक जागी बोट ठेवून थांबवलं.

"इथे बघा. हात खांद्यातून उचललेलाच नाही. सगळं अंग तिरपं करून ती हात वर नेतेय. दुखणं चुकवायला माणूस असंच करतं." मग मोबाईल परत देत म्हणाल्या, "मसाज केलाय का कुणी?"

मी हो म्हणालो. कुणाच्या सांगण्यावरून, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं.

घरात आधी कुणाला टीबी होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईने मान हलवून नाही म्हटलं. मुलगी खाली बघून म्हणाली, "अम्मा, सांग की."

मग ते निघालं. आईला दोन वर्षांपूर्वी छातीचा क्षय झाला होता. औषधं मिळत होती, पण शेजारी विचारायला लागले, विडीची पानं देणारा माणूस काम बंद करील अशी भीती वाटली, हिच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरत होतं. थोडं बरं वाटल्यावर तिने गोळ्या सोडल्या. घर एका खोलीचं. खिडकी मागाच्या शेडकडे, म्हणून कायम बंद. तंबाखूची भुकटी, पानं, आणि दोघी-तिघी जवळ जवळ बसलेल्या. आई खुर्चीची कड धरून बसली होती आणि मराठीत मला म्हणत होती, "आमी काय वाईट केलं न्हाय सर. पोरीचं लग्न होतं की."

बाहेर आल्यावर मी मुलीला विचारलं, "सप्टेंबरपासून दुखत होतं?"

"ऑगस्टपासनं. राती लई दुखायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"दुखतंय म्हटल्यावर तुमी बसवत होता सर. त्या धावणाऱ्या पोरीला बसवलं न्हाय का, पाय दुखतोय म्हणाली तर? तिची जागा गेली."

ते खरं होतं. मी बसवलं होतं आणि वर संघाला ऐकवलंही होतं, की रडणाऱ्यांसाठी हा खेळ नाही.

औषधं वर्षाहून जास्त चालली. सुरुवातीला ओकाऱ्या, मग भूक, मग हळूहळू वजन आलं. चेहऱ्यावर तजेला आला. रोग गेला. खांदा मात्र गेला तो गेलाच. सांधा आखडून जुळत गेला. हात पुढे छातीपर्यंत येतो, बाजूला वीतभर उचलला जातो. त्यापुढे नाही. पोलीस भरतीचा विषय तिथेच संपला. तिने तो पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही.

आईची औषधं पुन्हा सुरू केली होती, पण अर्धवट सोडलेल्या रोगाला जुनी औषधं लागू पडेनात. नवी दिली, ती तिला सोसेनात. दोन-तीनदा दवाखान्यात ठेवलं. मी जाऊन बसायचो. ती तोंडावर पदर घेऊन माझ्यापासून लांब सरकून बोलायची. एकदा म्हणाली, "सर, पोरीला माझ्यामुळं झालं ना?" मी म्हणालो, तसं नसतं. माझ्यामुळं बिघडलं, हे म्हणायची ती वेळ होती, आणि ते मी म्हणालो नाही. मागच्या हिवाळ्यात आई गेली.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मोठी बहीण सासरहून आली होती, ती आत स्वयंपाकाचं बघत होती. ही दाराशी उजेडात सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं, आणि मनगटाच्या पुढे बोटं मात्र पूर्वीसारखीच. पान घेतलं, तंबाखू पसरली, वळलं, दोरा मारला, टोक दुमडलं. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"बोटांना काय झालेलं न्हाय की सर. ह्याला खांदा लागत न्हाय."

"आज नको करूस."

"बसून काय करू?"

खोलीची मागची खिडकी उघडी होती. मागांचा खडखडाट आत येत होता, त्यामुळे थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं. ती म्हणाली, पदवीचं शेवटचं वर्ष झालं, कारकुनाच्या परीक्षांचे अर्ज भरतेय. सरकारी दवाखान्यात हात किती वर जातो ते मापून अपंगत्वाचं प्रमाणपत्र दिलंय. त्याचा उपयोग होईल. खेळाच्या प्रमाणपत्राबद्दल ती बोलली नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं हे मला कळलं.

मग मी बोललो. जे दवाखान्यात बोललो नव्हतो ते. म्हणालो, दोन महिने मी तुझं कोपर बघत होतो. तुझ्याकडे बघायचं राहिलं. खराट्यांसमोर शंभर फेकी मी करायला लावल्या, त्या माणसाकडे मीच नेलं. ऑक्टोबरात दवाखान्यात नेलं असतं तर हात राहिला असता. डॉक्टरबाईंना मी नंतर एकटा भेटून विचारलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, बराचसा राहिला असता.

तिने हातातली विडी पुरी केली.

"तुमी नेलं असतं तर मी आले नसते सर. अम्माचं कळलं असतं सगळ्यांना."

"मी विचारलं असतं नीट, तर?"

"तरी न्हाय म्हटलं असतं." मग सुपातली पानं सारखी करत, "पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

आतून बहिणीने चहा आणला. आम्ही तिघांनी प्यायला. ती डाव्या हाताने कप धरत होती. मध्येच तिने विचारलं, "आता कोण फेकतंय?"

"पहिल्या वर्षाची एक आलीय. उंच आहे."

"तिचे अडतात?"

"अडतात. एकीकडेच बघत राहते."

"सांगा तिला," ती म्हणाली, आणि तिने पुढचं पान उचललं.

मी संघ अजून चालवतो. सोडावा असं दोनदा मनात आलं, पण प्राचार्यांना काय कारण द्यायचं ते ठरेना, आणि खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. मोबाईल आता मैदानावर काढत नाही. मुलींना वाटतं, सरांना नवीन यंत्रं जमत नाहीत. तिचे ते जुने व्हिडिओ मात्र मी पुसलेले नाहीत. जुलैतला एक आहे, पंधरा-वीस सेकंदांचा. त्यात ती पाऊस थांबल्यावरच्या चिखलात उभी राहून तीन पास देते, तिन्ही जवळचे, तिन्ही समोरच्या मुलींच्या डोक्यांवरून पलीकडे जातात, आणि शेवटचा गेल्यावर ती चिखलाचा हात सलवारीला पुसते. त्या दिवशी तिला दुखत नव्हतं, हे मला नक्की ठाऊक आहे. त्यानंतरच्या कुठल्याच दिवसाबद्दल मला तसं म्हणता येत नाही.